जे मागितलं आणि मिळालं नाही

डेटा बघून निर्णय घ्या हे हल्ली सगळेच सांगतात. सीए सांगतो, बँकेतला लोनवाला सांगतो, बिलिंगचं सॉफ्टवेअर विकायला आलेला मुलगा तर खुर्चीवर बसायच्या आधी सांगतो. मलाही ते मनापासून पटतं, छोट्या धंद्यांचे आकडे लावून देणं हेच माझं काम आहे आणि मला ते आवडतं. पण हे काम करता करता एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसलीय. रिपोर्टमधे जे दिसतं ते कुणीतरी, कुठल्यातरी वेळी, कसल्यातरी सवयीने नोंदलेलं असतं, आणि धंद्याचा निर्णय मात्र बऱ्याचदा जे नोंदलंच गेलं नाही त्याच्यापाशी अडलेला असतो. तिथपर्यंत पोचायचं कसं हाच माझ्या मते ॲनालिटिक्सचा खरा प्रश्न आहे, बाकी चार्ट काय कुणीही काढून देतं.

मित्राच्या वडिलांची पुण्यात बेकरी आहे. पेठेत जुनं दुकान, त्याच्या मागे भट्टी, आणि सिंहगड रोडला नवं दुकान, तिकडे माल टेम्पोने जातो. पाव, खारी, टोस्ट, नानकटाई, क्रीमरोल, पेस्ट्री, आणि दुपारनंतर गरम पॅटिस. मित्राने हौसेने बिलिंग मशीन बसवलं, काही महिन्यांनी रिपोर्ट काढला आणि काकांना दाखवला की पेठेतल्या दुकानात पॅटिसची विक्री रोज 120, अगदी स्थिर, वरखाली जवळपास काहीच नाही. काका खूश झाले कारण तेही रोज 120च बनवत होते. म्हणजे अंदाज बरोबर.

आता 120 बनवले तर 120च विकले जाणार, एकशे एकविसावा आणायचा कुठून? मागणीचा ग्राफ असा सरळ रेषेत कधीच नसतो, सोमवार आणि शनिवार सारखा नसतो, पावसाळा आणि उन्हाळा सारखा नसतो. रेषा एवढी सपाट दिसली की समजायचं, आपण गिऱ्हाईक मोजत नाही आहोत, आपण आपलाच ट्रे मोजतोय.

काउंटरवर ज्या मावशी आहेत त्यांना हे कधीचं माहीत होतं. त्या म्हणाल्या, "साडेपाचला ट्रे रिकामा होतो. ऑफिस सुटलं की लोक येतात, पॅटिस आहे का विचारतात, मी नाही म्हणते, जातात." किती जण असं विचारल्यावर त्यांनी हाताने नुसतं पुष्कळ असं दाखवलं. त्या पुष्कळचा आकडा कुठल्याच मशीनमधे नाही, कारण मशीनला बिल झालं तरच कळतं, आल्या पावली परत गेलेल्या माणसाचं बिल होत नाही.

मग आम्ही एक साधी दोनशे पानी वही काउंटरखाली ठेवली. त्यात तीन रकाने आखले, वेळ, काय मागितलं, आणि नाही म्हटल्यावर काय केलं. नाव "मिळालं नाही वही", मावशींनीच दिलेलं. गर्दीत लिहायला जमत नाही हे खरं, म्हणून गर्दीच्या वेळी फक्त उभ्या रेघा मारायच्या असं ठरलं, आपण लहानपणी क्रिकेटच्या रन मोजायचो तशा, चार उभ्या आणि पाचवी आडवी. मला वाटलं होतं पहिले दोन रकाने कामाचे ठरतील, पण सगळ्यात मोलाचा निघाला तिसरा. काही जण पॅटिस नाही म्हटल्यावर क्रीमरोल घेऊन जात होते, म्हणजे धंदा गेला नाही, नुसता सरकला. पण बरेचसे काहीच न घेता जात होते, आणि हे संध्याकाळी घरी जाताना पॅटिससोबत पाव, टोस्ट, दुधाची पिशवी नेणारे लोक होते.

वहीच्या जोडीला बिलावरची वेळही कामाला आली. ज्या दिवशी पॅटिस शेवटपर्यंत पुरले त्या दिवशी साडेपाचपर्यंत दिवसाच्या विक्रीपैकी किती झालेली असते ते काढलं, ते साधारण 60 टक्के निघालं. मग ज्या दिवशी साडेपाचलाच 120 संपले त्या दिवशीची मागणी 120 भागिले 0.6, म्हणजे 200 च्या आसपास असणार. हा हिशोब कुणालाही एक्सेलमधे करता येतो आणि बहुतेक दुकानांच्या मशीनमधे त्याला लागणारी माहिती पडलेलीच असते. पण यातही एक खोच आहे. पॅटिस पुरले ते दिवस कोणते? पावसाचे, सुट्टीचे, सोमवारचे. त्या दिवशी लोक वेगळ्या वेळी येतात, लवकर घरी जातात, म्हणजे ते 60 टक्के नेहमीच्या दिवसाला लागू पडतीलच असं नाही. म्हणून काकांना म्हटलं की थोडे दिवस मुद्दाम जास्त बनवू, उरतील ते उरू देत, तो जो मैदा आणि बटाटा वाया जाईल तो माहितीचा खर्च धरू. आणि हे फक्त पेठेत करायचं, सिंहगड रोडला जसं चाललंय तसंच ठेवायचं, नाहीतर विक्री वाढली तर ती जास्त माल ठेवल्याने वाढली की पाऊस उघडल्याने वाढली हे कधीच कळणार नाही. काका पहिल्यांदा कां कू करत होते, वाया जाणारं अन्न त्यांना बघवत नाही आणि ते बरोबरच आहे, पण मग तयार झाले. मागणी दिवसाप्रमाणे दीडशे ते अडीचशेच्या मधे खेळते असं दिसलं.

इथे बहुतेक लोक म्हणतील झालं तर मग, 250 बनवा. नाही. इथून पुढे जो हिशोब आहे तो मला या सगळ्या विषयातला सर्वात सुंदर हिशोब वाटतो, आणि तो प्रत्येक दुकानदाराला शाळेत शिकवायला हवा होता. त्याला पेपरवाल्याचा प्रश्न म्हणतात. सकाळी पेपर किती उचलायचे, कमी उचलले तर गिऱ्हाईक जातं, जास्त उचलले तर संध्याकाळी रद्दी. या जातीचा विचार एजवर्थ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने 1888 मधेच बँकेने रोकड किती हाताशी ठेवावी यासाठी मांडला होता. उत्तर असं की एक नग कमी पडला तर किती रुपये गेले आणि एक नग उरला तर किती रुपये गेले हे दोनच आकडे घ्यायचे. समजा पॅटिस 25 ला विकतो आणि बनवायला 15 लागतात. कमी पडला तर 10 चा नफा बुडाला, उरला तर 15 पाण्यात. 10 ला 10 अधिक 15 च्या बेरजेने, म्हणजे 25 ने भागायचं, आले 40 टक्के. याचा अर्थ माल इतकाच बनवायचा की दहातल्या चार दिवशी तो पुरेल आणि सहा दिवशी संपून जाईल. म्हणजे ट्रे बऱ्याचदा रिकामा होणं हे या हिशोबाने बरोबरच आहे! आता पेस्ट्री घ्या, 70 ला विकतो, 30 लागतात. कमी पडली तर 40 गेले, उरली तर 30, म्हणजे 57 टक्के, तिथे ट्रे जास्त भरलेला ठेवायचा. एकाच दुकानात एकाच काचेमागे ठेवलेल्या दोन वस्तूंचा नियम वेगळा, आणि सरासरी विक्रीचा रिपोर्ट या दोघींना एकच नियम लावतो.

पण थांबा, तो तिसरा रकाना. पॅटिस नाही म्हणून जो माणूस काहीच न घेता गेला त्याने पाव आणि टोस्टही नेला नाही. म्हणजे कमी पडलेल्या एका पॅटिसमागे 10 नाही, सगळं धरून समजा 20 रुपये गेले. आता हिशोब 20 भागिले 35, परत 57 टक्के. पॅटिस एकदम पेस्ट्रीच्या रांगेत जाऊन बसला. निर्णय पूर्ण फिरला, आणि फिरवला कुणी तर मशीनमधे कधीच न आलेल्या, मावशींनी पेनाने लिहिलेल्या रकान्याने. आज दुपारचा दुसरा लॉट वाढवलाय, सोमवारी कमी, शुक्रवार शनिवार जास्त, आणि तरी काही दिवशी ट्रे रिकामा होतो, होऊ देत.

दुसरी एक गोष्ट, तिच्याबद्दल लोक बोलत नाहीत. उरलेला माल. सिंहगड रोडच्या दुकानातून वेस्टेजचा आकडा जवळजवळ शून्य यायचा, आणि सगळे त्या दुकानाचं कौतुक करायचे. तिथला मुलगा प्रामाणिक आहे, एक रुपया इकडचा तिकडे करणार नाही. पण वेस्टेज लिहिलं की संध्याकाळी फोन येतो, का उरलं, किती उरलं, तर तो काय करणार? उरलेले पॅटिस वॉचमनला द्यायचा, दोन घरी न्यायचा आणि राहिलेले मशीनमधे "इतर" नावाचं बटण दाबून कमी भावात खपवायचा. हे "इतर" बटण म्हणजे भारतातल्या प्रत्येक दुकानाच्या डेटामधला काळोखा कोपरा आहे. गर्दीत आयटम शोधायला वेळ नसला की तेच बटण, नवा माल मशीनमधे टाकलेला नसला की तेच बटण. मी कुठल्याही धंद्याचा डेटा उघडला की सगळ्यात आधी "इतर" किती टक्के आहे ते बघतो. आकड्यावरून माणसाला ओरडा बसायला लागला की तो आकडा त्या दिवसापासून खरं बोलायचं बंद करतो, हे जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांनाही चुकलेलं नाही. काकांनी शेवटी सांगून टाकलं की वेस्टेज लिहिलं म्हणून कुणालाही विचारणार नाही, न लिहिलेलं सापडलं तर मात्र विचारणार. पुढच्या महिन्यात आकडा वाढला, म्हणजे खरा झाला.

यावर विचार करताना मला नेहमी पांडुरंग वासुदेव सुखात्मे आठवतात. आपल्याकडे त्यांचं नाव घरोघरी असायला हवं होतं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात 1911 चा जन्म, फर्ग्युसनमधे शिक्षण, लंडनला जाऊन संख्याशास्त्रात डॉक्टरेट, मग कृषी संशोधन परिषदेत आणि पुढे 1951 पासून एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या, संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख. चाळीसच्या दशकात देशात धान्य किती पिकतंय हे मोजायचा मोठा प्रश्न होता. तेव्हा पीक कापणी प्रयोग व्हायचे, म्हणजे शेतातला एक तुकडा यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी काढावी तसा निवडायचा, आखायचा, त्यातलं पीक कापून वजन करायचं आणि त्यावरून अख्ख्या भागाचा अंदाज बांधायचा. तुकडा केवढा घ्यायचा यावर वाद होता. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यासारख्या मोठ्या संख्याशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की लहान तुकडे पुष्कळ घ्या, खर्च कमी, जास्त जागा होतात. कागदावर ते बरोबरही आहे. सुखात्म्यांनी शेतात जाऊन तुलना केली आणि दाखवलं की तुकडा फार लहान असला की उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त येतं. का? तर आखलेल्या रेषेवर जी रोपं येतात त्यांच्याबाबतीत कापणाऱ्या माणसाचा हात त्यांना आत घेण्याकडे झुकतो. मुद्दाम नाही, भरलेलं कणीस रेषेवर दिसलं तर ते बाहेर सोडवत नाही. तुकडा जेवढा लहान तेवढी त्याच्या क्षेत्राच्या मानाने कड मोठी, म्हणून ही चूकही मोठी. 1947 मधे त्यांनी यावर पेपर लिहिला.

आणि यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की ही चूक असे हजार तुकडे घेतले तरी जात नाही. यादृच्छिक चुका एकमेकींना कापतात, इकडची तिकडे होऊन सरासरी जागेवर येते, पण सगळ्यांचे हात एकाच बाजूला झुकत असतील तर जास्त डेटा म्हणजे तीच चूक जास्त आत्मविश्वासाने. हे मला आजच्या बिग डेटाच्या काळात फार मोलाचं वाटतं. करोडो रेकॉर्ड आहेत म्हणून कुणी छाती फुगवून सांगतं तेव्हा माझ्या मनात येतं, रेषेवरच्या रोपाचं काय केलंत? तो प्रश्न विचारायला संगणक लागत नाही, शेतात जाऊन उभं राहायला लागतं. सुखात्मे गेले होते.

महालनोबिसांचीही एक पद्धत मी अगदी रोज वापरतो, त्यांचा मोठेपणा त्या वादाने तसूभरही कमी होत नाही. एकाच भागाची पाहणी माणसांच्या दोन वेगळ्या गटांकडून स्वतंत्रपणे करून घ्यायची, दोघांचे नमुने वेगळे, आणि मग आकडे शेजारी ठेवायचे. जुळले तर पुढे जायचं, नाही जुळले तर त्या फरकावरूनच आपल्या मोजणीत किती ढिलाई आहे हे कळतं. बंगालमधे तागाच्या पाहणीच्या काळात त्यांनी हे रुजवलं. बेकरीत आम्ही ते असं केलं की महिन्यातून मधेच एखाद्या दिवशी रात्रीचा शिल्लक माल मावशीही मोजतात आणि भट्टीवरचा कारागीरही मोजतो, एकमेकांना न सांगता. पहिल्यांदा खारीचे आकडे जुळेनात. कारण मावशी पाकिटं मोजत होत्या आणि कारागीर किलोत, आणि पाकीट पाव किलोचं म्हटलं तरी प्रत्यक्षात त्यात पंधरा वीस ग्रॅम जास्तच पडत होते. म्हणजे रोज थोडी खारी फुकट जात होती आणि ती कुठल्याच रिपोर्टमधे नव्हती.

मग सणांचं. सॉफ्टवेअरमधे एक ठळक आकडा असतो, मागच्या वर्षीच्या याच आठवड्याशी तुलना, वाढ हिरव्या रंगात, घट लाल रंगात. आपल्याकडे हा आकडा वर्षातले कितीतरी आठवडे साफ दिशाभूल करतो. गणेश चतुर्थी 2023 मधे 19 सप्टेंबरला होती, 2024 मधे 7 सप्टेंबरला, 2025 मधे 27 ऑगस्टला. पेठेतल्या दुकानाला गणपतीचे दहा दिवस म्हणजे काय हे पुण्यातल्या माणसाला सांगायला नको, रात्री देखावे बघायला आलेली गर्दी, मंडळाच्या कार्यकर्त्यांच्या ऑर्डरी, भट्टी थंड व्हायला उसंत नाही. तर 2024 चा सप्टेंबरचा दुसरा आठवडा एकदम हिरवागार, आणि चौथा आठवडा लालभडक, आणि दोन्हीत धंद्याबद्दल काडीची माहिती नाही. श्रावणाचंही तेच. श्रावणात एगलेस केक आणि बिस्किटांना मागणी वाढते, अंड्याच्या केकची पडते. 2023 ला तर अधिक श्रावण आला होता, 18 जुलै ते 16 ऑगस्ट अधिक आणि त्यानंतर निज श्रावण, मग त्या वर्षी लोकांनी पाळला कुठला? काउंटरवर विचारलं तर आमच्याकडे बहुतेक निज पाळला गेला, काही घरांनी दोन्ही. मी आता प्रत्येक गिऱ्हाइकाच्या डेटामधे तारखेच्या शेजारी तिथी आणि सणाचा एक रकाना घालतो, आणि गणपतीच्या पाचव्या दिवसाची तुलना गणपतीच्या पाचव्या दिवसाशीच करतो. पंचांग हे पण डेटाच आहे, आणि आपल्या धंद्याला ते पाश्चात्य कॅलेंडरपेक्षा जास्त कळतं.

हे सगळं आता सांगायचं कारण म्हणजे सध्या बेकरीत एक वाद चालू आहे. मित्राने यादी केलीय, कमी खपणारे आयटम बंद करायचे. पहिलं नाव नाचणीच्या बिस्किटांचं. रिपोर्टमधे ती तळाला आहेत, बनवायला वेळ लागतो, जागा अडवतात. आकड्यांवर त्याचं म्हणणं चुकीचं नाही. मी त्याला कोका-कोलाची गोष्ट सांगितली. 1985 मधे त्यांनी नवी चव आणायच्या आधी जवळपास 2 लाख लोकांना चव देऊन बघितली होती आणि लोकांनी नवी चव जास्त पसंत केली होती. 23 एप्रिलला नवा कोक आला, जुना बंद झाला, आणि कंपनीकडे रोज येणारे 400 फोन जूनपर्यंत 1,500 वर गेले. 11 जुलैला जुना परत आणावा लागला. चवीचा डेटा खोटा नव्हता. फक्त जुना कायमचा गेला तर तुम्हाला कसं वाटेल हे त्या लोकांना धडपणे विचारलंच गेलं नव्हतं, आणि धंद्याचा निर्णय नेमका तोच होता.

म्हणून नाचणीची बिस्किटं किती खपतात हे बघायच्या ऐवजी, ती ज्या बिलात आहेत त्या बिलात अजून काय काय आहे ते बघितलं. ती बिलं दुकानातली मोठी बिलं निघाली. पाव, टोस्ट, खारी, नातवंडांसाठी पेस्ट्री, आणि एक पुडा नाचणी. मावशी म्हणाल्या, "हे सगळे सकाळी फिरून येणारे आजी-आजोबा आहेत, डॉक्टरने मैदा बंद केलाय, बाकीचं घरच्यांसाठी नेतात." मित्राला अजून पूर्ण पटलेलं नाही. तो म्हणतो मोठी बिलं त्यांची आहेत हे मान्य, पण नाचणी नसली तर ते येणारच नाहीत असं कुठे सिद्ध झालंय, आणि हा प्रश्न त्याने अगदी योग्य विचारलाय, कारण सोबत आढळणं वेगळं आणि त्याच्यामुळे येणं वेगळं. तर आता असं ठरलंय की सिंहगड रोडच्या दुकानात नाचणी महिनाभर ठेवायची नाही, पेठेत ठेवायची, सिंहगड रोडला वहीत रेघा मारायच्या, आणि महिना संपायच्या आधी त्या नेहमीच्या गिऱ्हाइकांची सकाळची बिलं किती कमी झाली तर नाचणी परत आणायची तो आकडाही आजच लिहून ठेवायचा. काकांनी तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आणि खाली दोघांच्या सह्या घेतल्या.